शिक्षा एका राज्यात, घर दुसऱ्या राज्यात

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघात झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

आजचा विषय नावावरून कोरडा वाटेल. अमेरिकेतल्या राज्यांनी एकमेकांच्या गुन्हेगारांवर देखरेख ठेवण्यासाठी केलेला करार. कराराचं नाव काढलं की डोळ्यांसमोर कलमं आणि पोटकलमं येतात. पण या कराराच्या मुळाशी एक साधा प्रश्न आहे, तो आधी सांगतो.

समजा, एक तरुण कॅन्सस राज्यात राहतो. आई-वडील तिथेच, कामधंदाही तिथेच. एका रात्री तो नदीपलीकडे मिसुरी राज्यात जातो, तिथे गुन्हा करतो आणि पकडला जातो. मिसुरीचा न्यायाधीश म्हणतो, तुला तुरुंगात पाठवत नाही, तीन वर्षं देखरेखीखाली राहा. आता हा राहणार कुठे? मिसुरीत त्याचं कोणी नाही. घरी जाऊ दिलं, तर मिसुरीच्या अधिकाऱ्याला कॅन्ससमध्ये कवडीचा अधिकार नाही. आणि कॅन्ससचा अधिकारी म्हणणार, हा आमचा कैदीच नाही, आम्ही का बघायचं? तर त्या माणसाचं करायचं काय?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला अमेरिकेला जवळजवळ शंभर वर्षं लागली.

आधी शब्द समजून घेऊ

आपल्याकडे पॅरोल म्हटलं की काही दिवसांची सुट्टी आठवते. घरात लग्न आहे, कोणी आजारी आहे, म्हणून कैदी बाहेर येतो आणि मुदत संपली की परत आत जातो. आपल्या तुरुंग खात्याच्या भाषेत तिला अभिवचन रजा म्हणतात. अमेरिकेतला पॅरोल वेगळा. तिथे शिक्षेचा काही भाग भोगल्यावर कैद्याला बाहेर सोडतात आणि उरलेली शिक्षा तो समाजात राहून, अटी पाळत, अधिकाऱ्याच्या नजरेखाली पुरी करतो. नीट वागला तर परत तुरुंगात जायचं कारण नाही. प्रोबेशन, म्हणजे आपल्या कायद्याच्या मराठीत परिवीक्षा, ही त्याच्या आधीची पायरी. तिच्यात न्यायाधीश तुरुंगात पाठवण्याऐवजी थेट देखरेखीखाली सोडतो.

पॅरोल हा मूळचा फ्रेंच शब्द, अर्थ 'दिलेला शब्द'. आपल्या 'अभिवचन' शब्दातही तेच आहे.

अमेरिकेत प्रोबेशनची सुरुवात एका चांभाराने केली. बॉस्टनचा जॉन ऑगस्टस. बूट बनवण्याचा त्याचा धंदा होता. १८४१ साली तो पोलीस कोर्टात बसलेला असताना एका दारुड्याला उभं केलं गेलं. ऑगस्टसने न्यायाधीशाला सांगितलं, याला मी जामीन राहतो, मला मुदत द्या. तीन आठवड्यांनी तो त्या माणसाला परत घेऊन आला, तेव्हा तो दारू सोडून माणसात आलेला होता. १८५९ साली ऑगस्टस वारला, तोपर्यंत त्याने असे शेकडो लोक सोडवले होते. कुठला पगार नाही, कुठलं सरकारी पद नाही. १८७८ साली मॅसॅच्युसेट्स राज्याने यासाठी कायदा केला आणि बॉस्टनला पगारी प्रोबेशन अधिकारी मिळाला. पॅरोलचं म्हणाल, तर न्यूयॉर्क राज्यात एल्मायरा इथे १८७६ साली सुरू झालेल्या सुधारगृहाने ती पद्धत अमेरिकेत रुजवली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. ऑगस्टसची सगळी पद्धत ओळखीवर उभी होती. माणूस त्याच शहरात राहणार, ऑगस्टस त्याला भेटणार, काम मिळवून देणार, ठरल्या दिवशी कोर्टात आणणार. माणूस डोळ्यांसमोर आहे, हे त्यात गृहीत होतं. तो राज्याबाहेर गेला तर काय, हा प्रश्न त्या काळात कोणाला फारसा पडला नाही.

तडीपारीचा सोपा रस्ता

मग रेल्वे आली, कारखाने आले, माणसं हजार-हजार मैल हिंडायला लागली. त्यांच्यामागोमाग गुन्हेही हिंडायला लागले.

अनेक न्यायाधीशांनी यावर एक सोपा उपाय काढला. बाहेरच्या राज्यातला माणूस गुन्ह्यात सापडला की त्याला सांगायचं, तुला सोडतो, पण सूर्य मावळायच्या आत आमच्या राज्याची हद्द सोड. आपल्याकडे याला काय म्हणतात ते सांगायला नको. तडीपार. तड म्हणजे काठ, आणि काठापलीकडे घालवून दिलेला तो तडीपार. आपल्या पोलीस कायद्यात आजही त्याची तरतूद आहे, आणि तडीपार माणूस शेजारच्या जिल्ह्यात जाऊन काय करतो, हाही आपल्याकडचा नेहमीचा प्रश्न आहे.

अमेरिकेत तेच झालं. एका राज्याने आपली डोकेदुखी शेजाऱ्याच्या दारात सोडायची, शेजाऱ्याला कळवायचंही नाही. शेजारीही आपली डोकेदुखी तशीच परत पाठवणार. त्या माणसाला ना काम शोधायला मदत, ना कोणाची नजर. कागदोपत्री तो देखरेखीखाली, प्रत्यक्षात वाऱ्यावर.

याची दुसरी बाजू तितकीच वाईट होती. काही ठिकाणी अधिकारी कडक असत, राज्य सोडायचंच नाही म्हणत. मग घर, बायको-मुलं, ओळखीचं काम, सगळं पलीकडच्या राज्यात, आणि हा इकडे अनोळखी शहरात भाड्याच्या खोलीत. माणूस सुधारायचा तर त्याला आधार लागतो, आणि नेमका तोच तोडायचा.

राज्यघटनेचं कुलूप

तुम्ही म्हणाल, मग राज्यांनी आपसात करार करून टाकायचा. अडचण राज्यघटनेत होती. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदातलं दहावं कलम सांगतं की काँग्रेसच्या, म्हणजे त्यांच्या संसदेच्या, संमतीशिवाय कुठल्याही राज्याने दुसऱ्या राज्याशी करार करू नये. राज्यांनी गट करून केंद्राला डोईजड होऊ नये, ही त्यामागची जुनी भीती. कोलोरॅडो नदीच्या पाणीवाटपाचा १९२२ चा करार याच वाटेने, काँग्रेसची संमती घेऊन झाला.

दुसरा अडथळा प्रत्यार्पणाचा. एका राज्याचा फरारी दुसऱ्या राज्यात सापडला, तर गव्हर्नरने गव्हर्नरकडे रीतसर मागणी करायची, कागद जायचे, आरोपीला कोर्टात हरकत घेता यायची. प्रोबेशन मोडून पळालेल्या प्रत्येक माणसासाठी इतकं कोण करणार? खर्चाचा हिशेब करून बहुतेक राज्यं गप्प बसत.

१९३४ चा उन्हाळा

कुलूप उघडलं ते बँक दरोडेखोरांमुळे.

जॉन डिलिंजर हे नाव तुम्ही सिनेमांतून ऐकलं असेल. इंडियाना राज्यातला हा तरुण १९२४ साली एका किराणा दुकानदाराला मारहाण करून लुटल्याबद्दल तुरुंगात गेला आणि मे १९३३ मध्ये पॅरोलवर सुटला. कागदावर तो इंडियानाच्या देखरेखीखाली होता. महिना-दीड महिन्यातच त्याने शेजारच्या ओहायोत बँक लुटली. पुढच्या वर्षभरात त्याच्या टोळीने अनेक राज्यांत धुमाकूळ घातला. क्लाइड बॅरो, म्हणजे 'बॉनी आणि क्लाइड' जोडीतला क्लाइड, हाही टेक्ससच्या तुरुंगातून फेब्रुवारी १९३२ मध्ये पॅरोलवरच सुटला होता. या मंडळींची युक्ती साधी होती. वेगवान गाडी घ्यायची आणि राज्याची हद्द ओलांडायची. मागे लागलेला पोलीस हद्दीवर थांबायचा.

वर्तमानपत्रांनी पॅरोलवर तोंडसुख घेतलं. मे १९३४ च्या अखेरीस बॉनी आणि क्लाइड लुइझियानात पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले, २२ जुलैला डिलिंजर शिकागोत मारला गेला. या दोन तारखांच्या मध्ये, ६ जून १९३४ रोजी, काँग्रेसने एक छोटासा कायदा केला. गुन्हे रोखण्यासाठी आणि आपापले फौजदारी कायदे राबवण्यासाठी राज्यांनी एकमेकांशी करार करावेत, त्यासाठी संस्था उभाराव्यात, आमची आगाऊ संमती आहे, एवढंच त्यात म्हटलं होतं.

हे 'आगाऊ' महत्त्वाचं. प्रत्येक करार काँग्रेससमोर नेण्याची कटकट संपली. आणि गंमत बघा, दरोडेखोरांच्या भीतीने दार उघडलं, पण त्या दारातून पुढे जी माणसं गेली ती बहुतांशी साधीच. चेक खोटा लिहिलेला, गाडी चोरलेला, दारू पिऊन मारामारी केलेला.

१९३७ चा करार

या संमतीच्या आधारे १९३७ साली करार तयार झाला. त्यातल्या मुख्य गोष्टी चार.

पहिली, माणूस ज्या राज्याचा मूळ रहिवासी आहे, किंवा जिथे त्याचं कुटुंब आहे आणि काम मिळू शकतं, तिथे त्याला जाता येईल. रहिवासी कोण, हेही लिहून ठेवलं. शिक्षेच्या राज्यात येण्यापूर्वी सलग एक वर्षाहून जास्त काळ तिथे राहिलेला, आणि गुन्ह्याच्या आधी शिक्षेच्या राज्यात सलग सहा महिन्यांहून जास्त न राहिलेला.

दुसरी, स्वीकारणारं राज्य त्याच्यावर तशीच देखरेख ठेवील जशी ते आपल्या माणसांवर ठेवतं. ना जास्त कडक, ना जास्त ढिली.

तिसरी गोष्ट सगळ्यात धारदार. पाठवणाऱ्या राज्याचा अधिकारी कधीही येऊन त्या माणसाला परत नेऊ शकतो. प्रत्यार्पणाची सगळी औपचारिकता माफ. आपण कोण आणि हा माणूस कोण, एवढंच त्याने दाखवायचं. परत नेण्याच्या निर्णयावर स्वीकारणाऱ्या राज्यात दाद मागता येणार नाही. मात्र तिथे त्या माणसावर नवा खटला असेल, तर त्या राज्याची परवानगी लागेल.

चौथी, नेताना वाटेतल्या करारातल्या राज्यांनी अडवायचं नाही.

१९५१ पर्यंत तेव्हाची सगळी, म्हणजे ४८ राज्यं या करारात आली. इतक्या व्यापक प्रमाणावर राज्यांनी एकत्र येण्याची उदाहरणं तेव्हा फारशी नव्हती. ज्या प्रश्नाने आपण सुरुवात केली, त्याला कागदावर तरी उत्तर मिळालं. मिसुरीत शिक्षा, कॅन्ससमध्ये घर, आणि कॅन्ससचा अधिकारी मिसुरीच्या वतीने बघणार.

एका दिवसात मोडलेली अट

पण त्या तिसऱ्या कलमाकडे परत या. माणसाला उचलायचं आणि न्यायचं, दाद नाही. त्याने अट खरोखर मोडली की नाही, हे कोणी तपासायचं?

याचं उत्तर ज्या खटल्याने दिलं, तो या करारातूनच उगवला. जुलै १९६५. विस्कॉन्सिन राज्यात जेरल्ड स्कार्पेली नावाच्या माणसाने सशस्त्र दरोड्याचा गुन्हा कबूल केला. १५ वर्षांची शिक्षा झाली, ती स्थगित करून त्याला सात वर्षं प्रोबेशन दिलं. त्याने एका कागदावर सही केली. प्रवासाचा परवाना आणि बोलावल्यावर परत येण्याची हमी, असा तो कागद. त्यावर त्याला इलिनॉयमध्ये राहायची मुभा मिळाली. ५ ऑगस्टला शिकागो ज्यात येतं त्या कुक काउंटीच्या प्रोबेशन खात्याने त्याला देखरेखीखाली घेतलं. दुसऱ्याच दिवशी, ६ ऑगस्टला, इलिनॉयच्या पोलिसांनी त्याला घरफोडी करताना पकडलं.

तुम्हाला वाटेल, मग राहिलं काय? त्याने पोलिसांपुढे कबुली दिली होती, पण नंतर ती दबावाखाली दिल्याचं तो म्हणाला. विस्कॉन्सिनने १ सप्टेंबरला प्रोबेशन रद्द केलं आणि त्याला १५ वर्षांसाठी आत टाकलं. सुनावणी नाही, वकील नाही. त्याचं म्हणणं काय, हे कोणी विचारलंही नाही.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. आदल्याच वर्षी, १९७२ मध्ये, आयोवाच्या मॉरिसी खटल्यात न्यायालयाने पॅरोलबद्दल सांगितलं होतं की अटींसह का होईना, ते स्वातंत्र्यच आहे आणि ते काढून घ्यायचं तर सुनावणी लागेल. एक प्राथमिक सुनावणी, तीही अट मोडल्याचा आरोप जिथला किंवा अटक जिथे झाली त्याच्या जवळ, आणि तीही लवकर, साक्षीदार आणि पुरावे हाताशी असताना. मग पुढे अंतिम सुनावणी. १४ मे १९७३ रोजी स्कार्पेलीच्या खटल्यात तेच प्रोबेशनलाही लागू केलं. वकील प्रत्येक वेळी द्यायलाच हवा असं मात्र न्यायालय म्हणालं नाही, प्रकरण बघून ठरवा म्हणालं.

'जवळ' या शब्दाने आंतरराज्य कराराचा तोलच बदलला. याआधी स्वीकारणारं राज्य म्हणजे फक्त राखणदार. आता माणूस कॅलिफोर्नियात राहत असेल आणि न्यूयॉर्क त्याला परत मागत असेल, तर साक्षीदार कॅलिफोर्नियात आहेत, म्हणून पहिली चौकशी तिथेच व्हायला हवी. म्हणजे देखरेखीबरोबर न्यायाची जबाबदारीही आली. १९३७ च्या कराराच्या मसुद्यात याचा मागमूस नव्हता.

कागद हरवतो तेव्हा

१९९० च्या दशकापर्यंत हा करार थकला होता. देखरेखीखालच्या माणसांची संख्या प्रचंड वाढली होती आणि कारभार चालायचा टपालाने. एका राज्याने पत्र पाठवायचं, दुसऱ्याने महिनोन् महिने उत्तर द्यायचं नाही. तोवर माणूस गाडीत बसून निघूनही गेलेला. नियम मोडलेल्या राज्याला शिक्षा करणारं कोणी नव्हतंच. सगळा मामला सौजन्याचा.

१९९९ साली डेन्व्हरमध्ये एका २४ वर्षांच्या तरुणीचा तिच्या घरात खून झाला. खुनी मेरीलँड राज्यात शिक्षा झालेला माणूस होता. त्याला डेन्व्हरच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात पाठवलं होतं, आणि कराराप्रमाणे कोलोरॅडोच्या अधिकाऱ्यांना जे कळवायला हवं होतं ते कळवलेलं नव्हतं. म्हणजे तो माणूस तिथे आहे, हे ज्यांनी बघायचं त्यांनाच माहीत नाही. नव्या कराराचं काम आधीच सुरू झालं होतं. त्या मुलीच्या आईने पुढे राज्याराज्यांत जाऊन आमदारांना तो मंजूर करण्याची गळ घातली.

३५ राज्यांनी कायदा केला की नवा करार अंमलात येणार होता. जून २००२ मध्ये पेनसिल्व्हेनिया ३५ वं ठरलं. आज ५० राज्यं, राजधानीचा जिल्हा, पोर्तो रिको आणि अमेरिकी व्हर्जिन बेटं त्यात आहेत.

या वेळी कराराला दात दिले. एक आयोग, त्यात प्रत्येक राज्याचं एक मत. आयोगाचे नियम सगळ्या राज्यांवर बंधनकारक. जे राज्य पाळणार नाही त्याला दंड, गरज पडली तर संघीय न्यायालयात खटला. प्रत्येक राज्यात एक परिषद, आणि तिच्यात गुन्ह्याची झळ बसलेल्यांच्या बाजूचा प्रतिनिधी हवाच. २००८ पासून टपाल गेलं आणि सगळे अर्ज एका संगणक प्रणालीतून जाऊ लागले.

नियमही नेमके झाले. देखरेखीचे ९० दिवसांहून जास्त उरलेत, माणूस अटी पाळतोय, त्या राज्याचा रहिवासी आहे किंवा तिथे सांभाळायला तयार असलेलं कुटुंब आहे, आणि पोटापाण्याची सोय आहे, तर स्वीकारणाऱ्या राज्याला नाही म्हणता येत नाही. चौकशीला ४५ दिवस. अधिकारी घरी जाऊन बघतो, पत्ता खरा आहे का, त्या घरातल्यांना हा माणूस खरंच हवा आहे का.

दोन भीती

मंडळी, हा सगळा इतिहास बघताना मला दोन भीती दिसतात, आणि करार कायम त्यांच्यामध्ये हेलकावे खातो.

एक भीती समाजाची. धोकादायक माणूस आपल्या गल्लीत येईल आणि आपल्याला कळणारही नाही. डेन्व्हरमध्ये ती खरी ठरली. त्या आईला कोणी सांगू नये की आकडेवारीत असं क्वचितच घडतं.

दुसरी भीती त्या सुटलेल्या माणसाची. दोन सरकारांच्या मध्ये तो सापडतो. एक म्हणतं ये, दुसरं म्हणतं थांब. ४५ दिवस तो कुठे राहतो? घरी नाही, कामावर नाही. आणि अट मोडल्याचा ठपका आला की हजार मैलांवरून बोलावणं येतं. स्कार्पेलीसारखा माणूस निर्दोष असेल असं नाही. त्याला विचारायला हवं होतं, इतकंच.

डिलिंजर असो की डेन्व्हरचा खून, दर वेळी कायदा हलला तो पहिल्या भीतीमुळे. मोठी बातमी आली की विधिमंडळं जागी होतात. दुसऱ्या भीतीसाठी कोणी मोर्चा काढत नाही. तिची दाद एकेकट्या माणसाने कोर्टात मागितली. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण २०२२ च्या अखेरीस अमेरिकेत साधारण ३७ लाख लोक प्रोबेशन किंवा पॅरोलवर होते. त्यांतल्या बहुतेकांची कधी बातमी होणार नाही.

या इतिहासातून मला कळलेली गोष्ट अशी. तडीपारी सोपी असते, कारण तिच्यात आपल्याला फक्त आपली हद्द सांभाळायची असते. देखरेख महाग असते, कारण तिच्यात शेजाऱ्याशी बोलावं लागतं, त्याचा माणूस आपला म्हणून बघावा लागतो, आणि आपल्या माणसाबद्दल त्याला खरं सांगावं लागतं. जॉन ऑगस्टस हे काम एकटा, एका शहरात करत होता. पन्नास राज्यांना तेच एकत्र करायला कायदा, आयोग, दंड आणि संगणक लागला. काम मात्र तेच राहिलं. कोणीतरी त्या घराचं दार वाजवायचं आणि विचारायचं, कसं चाललंय?

आजच्यापुरतं इतकंच. तुमच्यापैकी कोणी परिवीक्षा अधिकारी म्हणून काम करत असाल किंवा केलं असेल, तर जरूर लिहा. आपल्याकडे १९५८ पासून प्रोबेशनचा कायदा आहे, त्याबद्दलही एक भाग करायचा मनात आहे. तोवर नमस्कार.